कुरव ओळखायला स्कोप घ्यावा की मोठ्या झूमचा कॅमेरा?

दुर्बीण गळ्यात आहे, तळ्यावर दोन-तीन हिवाळे काढून झालेत आणि पुढचे पैसे स्कोपमध्ये (ट्रायपॉडवर लावायची एकनळी मोठी दुर्बीण) घालावेत की कॅमेऱ्यात हे ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बदकांना दोन्ही चालतं. खरी परीक्षा कुरवांची, म्हणजे गल पक्ष्यांची.

मी आधी कॅमेरा घेतला, चार वर्षं वापरला. उडत्या कुरवाच्या पंखांची टोकं डोळ्यांना क्षणभरच दिसतात, फोटोत ती थांबतात. प्रौढ पक्ष्याच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असले तर तपकिरी डोक्याचा, पंखाची पुढची कड पांढरी असली तर काळ्या डोक्याचा, हे घरी निवांत ठरवता येतं. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, वेगळी नोंद टाकताना फोटो हाताशी असलेला बरा. आणि भिगवणला होडीतून फिरणार असाल तर स्कोप घरीच ठेवा. हलत्या होडीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही.

माझं अडलं ते पांढऱ्या रंगापाशी. एका जानेवारीत गावाबाहेरच्या तलावावर तीसेक कुरव बसले होते. त्यातल्या एकाचं डोकं स्वच्छ पांढरं, मान लांब. मला वाटलं, स्लेंडर-बिल्ड, म्हणजे बारीक चोचीचा कुरव! हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचंही डोकं पांढरं असतं, पण त्याच्या डोळ्यामागे गडद डाग राहतो. जामनगरच्या किनाऱ्यावर तो नेहमीचा, आमच्या तळ्यावर मात्र अपूर्वाईचा. पन्नासेक फोटो काढले, एकातही डोळ्यामागे डाग नाही. अर्ध्या तासाने एक मित्र स्कोप घेऊन आला. त्यातून पाहिलं तर डोळ्यामागे पुसट राखाडी डाग होता आणि बुबुळही काळं. म्हणजे काळ्या डोक्याचाच. पाणी गडद, पक्षी पांढरा. कॅमेऱ्याने तो इतका उजळला की ज्या डागावर सगळा निर्णय, तोच उडाला.

एक्स्पोजर कमी केलं की हे टळतं, मान्य. पण तोच कुरव उठून आभाळावर गेला की लगेच वाढवावं लागतं, आणि तेवढ्यात तो लांब गेलेला असतो. सरावलेल्या बोटांना हे कदाचित जाचणार नाही. मला फार जाचलं.

स्कोपमध्ये पक्षी मान वळवताना दिसतो. एका कोनातून डाग दिसतो, दुसऱ्यातून नाही. पाच मिनिटं बघत राहिलं की उलगडतं. पुढे दोन हिवाळ्यांनी खरा स्लेंडर-बिल्ड आला, तेव्हा फिकट बुबुळ, उतरतं कपाळ आणि लांब चोच मी पोटभर पाहिली. आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाइल लावून काढलेला फोटो नोंदीपुरता पुरला. ट्रायपॉड मात्र दणकट घ्या, नाहीतर वाऱ्यात सगळं थरथरतं. दहानंतर पाण्यावरची हवा लहरू लागली की दोघांचंही फारसं चालत नाही.

फेब्रुवारी-मार्चात काळ्या डोक्याच्या कुरवाला गडद टोपी चढू लागते. स्लेंडर-बिल्डला ती कधीच येत नाही, त्यामुळे तेव्हा हा घोळ आपोआप मिटतो. स्कोप घ्यायचाच असेल तर नोव्हेंबरच्या आत घ्या.