काटा जेमतेम हलला: साडेतीनशेचा प्रेशर गेज

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावरच टाकी, म्हणजे पाण्याला भरपूर जोर असणार, असं पाहुण्यांना वाटतं. प्रत्यक्षात नवं वॉशिंग मशीन पाणी घेता घेता थांबायचं आणि एरर दाखवायचं. प्लंबर म्हणाला, "काकू, हजारची टाकी काढा, दोन हजारची बसवा." म्हटलं, आधी मोजू तर खरं.

हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याचा दाब मोजणारा हा गेज आणला. अडीच इंची तबकडी, पाव इंची आटे, 0 ते 7 किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर इतके किलो दाब). आतल्या बाजूला पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर पौंड. नळ अर्धा इंची, त्यामुळे दोन मापं जोडणारा रिड्यूसर वेगळा घ्यावा लागला. टेफलॉन गुंडाळून बसवला, थेंबही गळला नाही. पण काटा? 0.2 आणि 0.4 च्या मधे कुठेतरी. चष्मा लावूनही नक्की सांगता येईना.

शेवटी मोजायची टेप घेतली. टाकीतल्या पाण्यापासून नळापर्यंत 2.8 मीटर. पाण्याची घनता 1000 गुणिले गुरुत्वाकर्षणाचे 9.8 गुणिले उंची 2.8, म्हणजे दाब 27,440 पास्कल. किलोत साधारण 0.28. मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब 0.05. वा, मग भरपूर आहे की! दोन दिवस मी मशीनलाच दोष देत होते. नंतर दिसलं, ते 0.05 मेगापास्कल होतं. म्हणजे 50,000 पास्कल, अर्धा किलो. आमच्याकडे त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त.

आणि या हिशोबात लिटर कुठेच येत नाहीत, येते ती फक्त उंची. दोन हजारची टाकी बसवली असती तरी काटा तिथेच राहिला असता. हीच टाकी साडेसात फूट उचलली तर काम होईल, पण त्यासाठी सोसायटीची सभा! त्यापेक्षा दाब वाढवणारा छोटा बूस्टर पंप बसवला. आता हाच गेज स्वच्छ 1.2 दाखवतो.

तळमजल्यावरच्या नळालाही लावून पाहिला. पाणी 14 मीटर वर, काटा 1.4 वर. म्हणजे माल खोटा नाही, आमच्यासाठी रेंज चुकीची. वरच्या मजल्यावरच्यांनी 0 ते 1 किलोचा मागा, आणि वाचताना घरातले बाकीचे नळ बंद ठेवा. पाणी वाहतं असलं की आकडा खाली येतो.

पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीड गुणातला अर्धा काचेवरच्या स्टिकरसाठी, नेमका पीएसआयच्या आकड्यांवर चिकटवलेला.