वारशात आलेलं जुनं पिस्तूल: 'साफ करून देतो' म्हणणाऱ्याकडे काय होतं

वारशात आलेलं जुनं पिस्तूल विकायला काढलेल्या कुटुंबाची फसवणूक बहुतेक वेळा सौद्याच्या दिवशी होत नाही. ती आधीच होऊन गेलेली असते. 'ठेवून जा, साफ करून बघतो, मग किंमत सांगतो,' असं म्हणणाऱ्याच्या हाती वस्तू जाते, काही दिवसांनी ती चकचकीत होऊन परत येते आणि घरचे खूश होतात. मग तोच माणूस सांगतो की यावर मूळ पॉलिश उरलेलं नाही, काही भागही मूळचे नाहीत, त्यामुळे भाव पडेल. तेव्हा तो खरं बोलत असतो. मूळ सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं) किंवा लॉक (बार पेटवणारी यंत्रणा) त्याच्या कपाटात गेलेलं असतं. दुसरीकडून काढलेला भाग जुन्या नळीशेजारी उठून दिसू नये, म्हणून सगळं एकसारखं घासून टाकलेलं असतं.

ही अदलाबदल सर्वांत जास्त रिव्हॉल्व्हरमध्ये होते, कारण तिथे भाग सुटे होतात. १८५१च्या कोल्ट नेव्हीचा (अमेरिकेच्या कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचा) अनुक्रमांक फ्रेम, नळी, चापाची कडी, मुठीची पट्टी, सिलिंडर आणि नळी अडकवणारी पाचर अशा अनेक ठिकाणी ठोकलेला असतो. हे सगळे आकडे जुळले तर किंमत एक, सिलिंडरचा आकडा वेगळा निघाला तर किंमत अगदी दुसरी. पाचर लहान असते, हरवते, तिचा आकडा न जुळणं एक वेळ समजू शकतं. सिलिंडरचं तसं नाही. या पिस्तुलाच्या सिलिंडरवर १८४३च्या कँपेचीच्या नाविक लढाईचं दृश्य रोलरने उठवलेलं असतं. ते इतकं उथळ असतं की झिजताना सर्वांत आधी तेच जातं. म्हणून जाणकार आधी जहाजं किती शिल्लक आहेत ते बघतो.

ठासणीच्या एकनळी पिस्तुलात डाव वेगळा असतो. चकमकीची पिस्तुलं १८२० नंतरच्या काही दशकांत मोठ्या संख्येने टोपीवर (घोडा आदळला की पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपणावर) चालतील अशी बदलली गेली. तो बदल त्या काळातलाच असल्याने ती खोट नव्हे. पण चकमकीच्या पिस्तुलाला सहसा जास्त भाव येतो, म्हणून आज टोपीचं पिस्तूल पुन्हा चकमकीचं करून विकलं जातं. असं पिस्तूल वारशातही असू शकतं, किंवा 'दुरुस्ती'च्या नावाखाली तुमच्याच पिस्तुलावर हा प्रयोग होऊ शकतो. रंजकाच्या, म्हणजे पेटवणीच्या दारूच्या, भोकाभोवती भिंगाने बघा. शेकडो बार उडालेल्या जागी नळीवर बारीक खड्डे पडलेले असतात. नळीवर खड्डे आहेत आणि शेजारची रंजकाची वाटी गुळगुळीत आहे, तर वाटी नंतरची. स्क्रूचे आटेही बघा: जुने आटे जाडसर आणि हाताने पाडलेले असतात, ते आजच्या मापात बसत नाहीत.

घासकाम ओळखण्याच्या खुणा एकदा कळल्या की नजरेतून सुटत नाहीत. अष्टकोनी नळीच्या धारा गोल झालेल्या दिसतात. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, कारण बफिंगचं चाक तिथे आत शिरतं. कोरीव अक्षरांचा तळ आणि वरचा पृष्ठभाग एकाच उंचीकडे झुकतो. लाकडाची खूण सर्वांत बोलकी: मूळ कामात लाकूड धातूपेक्षा किंचित वर असतं, पॉलिश पेपर फिरवला की ते धातूच्या खाली जातं. तपकिरी थर म्हणजे घाण, हा समज फार नुकसान करतो. तो थर जपायचा असतो.

दुसरी लबाडी श्रेणीच्या शब्दांत आहे. संग्राहकांमध्ये चालणाऱ्या अमेरिकेच्या एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशनच्या) श्रेणींत प्राचीन शस्त्रांसाठी वेगळी पट्टी आहे: सगळे भाग मूळ आणि ८० टक्क्यांहून अधिक मूळ पॉलिश असेल तर 'एक्सलंट', ३० टक्क्यांहून अधिक असेल तर 'फाइन', आणि त्याहून कमी, अगदी शून्य असलं तरी 'व्हेरी गुड'. आधुनिक शस्त्रांची पट्टी याहून बरीच कडक आहे. खरेदी करणारा तीच आधुनिक पट्टी लावून दीडशे वर्षांच्या पिस्तुलाला 'फेअर' ठरवतो, आणि शब्द ओळखीचे असल्याने कोणी हरकत घेत नाही. कोणती पट्टी लावली, हे लेखी मागा.

तिसरी म्हणजे 'हे तर डुप्लिकेट आहे.' कधी ते खरंही असतं. इटलीत बनलेल्या प्रतिकृतींवर वर्षाचा सांकेतिक ठसा असतो, १९७५पासून तो दोन अक्षरांचा आहे. 'ब्लॅक पावडर ओन्ली' (फक्त काळी दारू) असं लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. लंडनच्या जुन्या चाचणी-ठशात (नळी चाचणीत उतरल्याच्या खुणेत) मुकुटाखाली गुंफलेली जीपी अक्षरं आणि मुकुटाखाली व्ही असतं. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३चं, त्यामुळे त्याचा ठसा असलेली नळी १८०० सालची सांगितली जात असेल तर कथा चुकीची आहे. मात्र लॉकवरच्या 'टॉवर' या शब्दावर आणि मुकुटावर भिस्त ठेवू नका, तो भिंतीवर टांगायच्या नकलांवरही सर्रास कोरलेला असतो.

पेटी, बारूददाणी आणि गोळीचा साचा कधीही वेगळे देऊ नका. 'रिकामी पेटी' म्हणून किरकोळ पैशांत उचललेली पेटी नंतर दुसऱ्याच पिस्तुलासोबत संच म्हणून विकली जाते. जोडीतलं एक पिस्तूल आज आणि दुसरं पुढच्या वर्षी घेणाऱ्यापासूनही सावध राहा. जोडीला दोन सुट्या पिस्तुलांच्या बेरजेपेक्षा जास्त किंमत येते, हे त्याला ठाऊक असतं.

कोणाला दाखवण्याआधी घरीच करायची कामं. सगळ्यांत आधी ते भरलेलं आहे का ते बघा, कारण ठासणीची पिस्तुलं बार भरूनच पेटीत ठेवलेली अनेकदा सापडतात आणि कोरडी काळी दारू पिढ्या उलटल्या तरी पेटते. एकनळी पिस्तुलात तोंडासमोर न येता लाकडी काठी हलकेच नळीत सरकवा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. ती रंजकाच्या भोकापर्यंत किंवा निपलच्या (टोपी बसवायच्या नळकांडीच्या) बुडापर्यंत पोचायला हवी. दोन-तीन सेंटिमीटर आधीच थांबली तर पुढे हात लावू नका, जाणकार शस्त्रकारीगराला बोलवा. घोडा ओढून चाप दाबून बघणं तर नकोच, निपलचं तोंड चेपतं.

मग सुती हातमोजे घालून फोटो काढा: दोन्ही बाजू, प्रत्येक ठसा, प्रत्येक आकडा, स्क्रूंच्या खाचा, लाकडाच्या चिरा. नळीची लांबी, आतला व्यास आणि वजन लिहून ठेवा. आपल्या भागात अशी वस्तू बाळगायला काय नियम आहेत, हे थेट अधिकृत ठिकाणी विचारा, कारण 'घरात ठेवलंत तर गुन्हा होईल, आजच देऊन टाका' ही भीती घालूनही भाव पाडला जातो.

मूल्यांकनाची फी ठरावीक असावी, किमतीच्या टक्क्यांत नको, आणि मूल्यांकन करणाऱ्याने ती वस्तू स्वतः विकत घेऊ नये. अहवालात विम्याचं मूल्य लिहिलंय की लिलावातल्या प्रत्यक्ष विक्रीचं, हे स्पष्ट हवं. पहिला आकडा बराच फुगलेला असू शकतो. पिस्तूल ठेवून यावंच लागलं तर पावतीवर प्रत्येक सुट्या भागाचा आकडा, वजन आणि 'साफसफाई करू नये' हे वाक्य लिहून सही घ्या, आणि जुनी पत्रं किंवा परवाने असतील तर त्यांची फक्त झेरॉक्स द्या.