एकदा भरलेल्या पाण्यात अख्खा उन्हाळा: सोलापुरात फुगवायच्या पूलचा अनुभव

आमच्याकडचा पूल दहा फूट व्यासाचा, अडीच फूट उंचीचा, वर हवेचं कडं असलेला साधा प्रकार आहे. कडं फुगवायचं, तळाच्या सुरकुत्या काढायच्या आणि पाणी सोडायचं. पाणी चढेल तसं कडं आपोआप वर येतं. ८० टक्के भरला की साधारण ३,८०० लिटर पाणी मावतं. सोबत तासाला १,२५० लिटर पाणी फिरवणारा कार्ट्रिजचा, म्हणजे आत घड्यांची गाळणी असलेला, छोटा पंप मिळतो. गुढीपाडव्याच्या सुमारास जुळे सोलापुरातल्या घरामागच्या अंगणात पूल मांडला आणि मृगाचा पाऊस लागल्यावर काढला. मधल्या काळात पाणी एकदाही बदललं नाही. तरी शेवटच्या आठवड्यातही तळाची शिवण वरून स्पष्ट दिसत होती.

घेण्याआधी मी बरेच अभिप्राय वाचले होते. बहुतेक पहिल्या आठवड्यातच लिहिलेले. पूल किती पटकन फुगला, मुलं किती खूश झाली, एवढंच त्यात होतं. पाण्याबद्दल विचारलं की एकच उत्तर मिळायचं: आठवड्याला बदला. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनीचं जे पाणी येतं ते पिण्याला आणि स्वयंपाकाला लागतं. बोअरचं पाणी आहे, पण मे महिन्यात त्याचीही मोटर दम खाते. अशा गावात दर आठवड्याला ३,८०० लिटर पाणी ओतून देणं मला कुठल्याच हिशेबात पटत नाही. पूल घ्यायचा तर तेच पाणी टिकवायचं, हे घरात आधीच ठरलं होतं. म्हणून हा अनुभव मुख्यतः पाण्याचाच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. पाणी नितळ ठेवतो तो क्लोरीन, पंप नाही. पंप धूळ, केस, पाकळ्या पकडतो. शेवाळ आणि जंतू कार्ट्रिजमधून सहज पार होतात. पाण्यातला क्लोरीन एकदा शून्यावर आला की पंप रात्रंदिवस चालवला तरी सोलापूरच्या उन्हात दोन दिवसांत पाणी हिरवट दिसायला लागतं.

आता बोअरच्या पाण्याविषयी. भरलं त्या दिवशी पाणी आरशासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताक घुसळून ओतल्यासारखं पांढुरकं झालं. शेजारच्या काकूंनी तुरटी फिरवायला सांगितलं. तुरटीने गाळ खाली बसतो हे खरंच आहे, पण तो गाळ मग तळावरून उपसावा लागतो, आणि पंप चालू असेल तर तोच चिकट साका कार्ट्रिजच्या घड्यांत जाऊन बसतो. शिवाय इथला पांढरेपणा मातीचा नव्हताच, चुन्याचा होता. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ते उघड्यावर हवेत खेळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) चढतो आणि विरघळलेला चुना बारीक भुकटी होऊन पाण्यात तरंगतो. पीएच खाली आणला की तो पुन्हा विरघळतो. माझ्या पाणी तपासायच्या किटवर पीएचचा रंग ८.२ च्या पुढे दाखवत होता. हायड्रोक्लोरिक आम्ल एका वेळी साधारण ५० मिली, बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू ठेवून कडेकडेने सोडलं. काही तास थांबून परत तपासलं, परत थोडं सोडलं. संध्याकाळी रंग ७.५ च्या आसपास आला आणि दुसऱ्या दिवशी तळ दिसला. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. आणि हातमोजे, चष्मा घालूनच.

पाणी पांढुरकं झालं की मी आतल्या भिंतीवर बोट फिरवते. भिंत खरखरीत किंवा कोरी लागली तर चुना, बुळबुळीत लागली तर शेवाळाची सुरुवात. दोघांचे इलाज वेगळे आहेत, त्यामुळे ही खूण फार उपयोगी पडली.

पीएचचा संबंध फक्त चुन्याशी नाही. स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारा घटक, त्याबद्दल पुढे येईलच) नसलेल्या पाण्यात पीएच ७.५ असेल तर टाकलेल्या क्लोरीनपैकी निम्माच जंतू मारण्याच्या जोरकस रूपात असतो. पीएच ८ झाला की जेमतेम पाव भाग तसा उरतो. म्हणजे पीएच न बघता औषध वाढवत राहिलं तर पैसे जातात आणि मुलांचे डोळे चुरचुरतात. मी पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राखला.

क्लोरीनसाठी बाजारात तीन गोष्टी सहज मिळतात आणि तिन्ही वापरून झाल्या. ब्लीचिंग पावडर सगळ्यात स्वस्त, पण आपल्याकडच्या साध्या पावडरीत क्लोरीन ३०-३५ टक्केच असतो, बाकी बराचसा चुना. आधीच जड असलेल्या बोअरच्या पाण्यात आणखी चुना कशाला? वापरायचीच असेल तर बादलीत कालवून, साका खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी तेवढं टाकावं. मी ती फारशी वापरली नाही.

दुसरा प्रकार टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) गोळ्यांचा. यात क्लोरीन ९० टक्क्यांच्या आसपास असतो आणि गोळी हळूहळू विरघळते. मोठ्या तलावाची २०० ग्रॅमची गोळी आपल्या पूलसाठी नाही; ती अख्खी विरघळली तर क्लोरीन ४५ पीपीएमच्या (लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या) वर जाईल. २० ग्रॅमची छोटी गोळी घ्या. एका गोळीने ३,८०० लिटरमध्ये साधारण पावणेपाच पीपीएम क्लोरीन मिळतो. गोळी नेहमी तरंगत्या डबीत ठेवायची. तळावर पडली तर तिथल्या प्लास्टिकचा रंग उडतो आणि ते कडक होतं.

या गोळीची खरी गंमत तिच्यातल्या सायन्युरिक आम्लात आहे. दुकानदार त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. उघड्या उन्हात नुसता क्लोरीन तासाभरात निम्म्यावर येतो. सोलापूरच्या ४२ अंशांत सकाळी टाकलेलं औषध दुपारी मुलं उतरेपर्यंत उरतच नाही. स्टॅबिलायझर त्याला उन्हापासून वाचवतो. पण तो स्वतः उडून जात नाही, साठत राहतो. गोळीतून १ पीपीएम क्लोरीन आला की ०.६ पीपीएम स्टॅबिलायझर येतो. छोट्या दहा गोळ्या संपल्या की पाण्यात तो ३० पीपीएमच्या जवळ पोचतो, आणि आपल्याला हवा तो तेवढाच, फार तर ५०. पुढे तो वाढत गेला की क्लोरीन उन्हापासून वाचतो खरा, पण त्याचा जोर कमी होतो. किट क्लोरीन भरपूर दाखवतं आणि पाणी मात्र हिरवं होतं. तेव्हा स्टॅबिलायझर कमी करायला अर्धं पाणी उपसून नवीन भरावं लागतं, आणि नेमकं तेच आपल्याला टाळायचं आहे.

म्हणून मी सुरुवातीला फक्त गोळ्या वापरल्या आणि स्टॅबिलायझर पुरेसा झाल्यावर पातळ हायपोवर आले. सोडियम हायपोक्लोराइट रसायनांच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं. १० टक्क्यांचं असेल तर आपल्या पूलमध्ये ३८ मिलीने १ पीपीएम क्लोरीन वाढतो. रोज सूर्य मावळल्यावर साधारण शंभर मिली, मुलं जास्त असतील त्या दिवशी थोडं जास्त. रात्रभर ऊन नसतं, त्यामुळे औषधाला काम करायला निवांत वेळ मिळतो. सकाळी किटवर २-३ पीपीएम दिसलं की दिवस सुखाचा. कॅन मात्र छोटा घ्या आणि सावलीत ठेवा. उन्हाळ्यात हायपोचा जोर महिन्याभरात चांगलाच उतरतो.

आणखी एक फायदा झाला. गोळी आम्लधर्मी असते, त्यामुळे आपल्या जड पाण्याचा चढता पीएच ती आपोआप खाली धरते. गोळ्यांच्या दिवसांत मला आम्ल जवळपास लागलंच नाही. हायपोवर आल्यावर आठवड्यातून एकदा थोडं लागायचं. मे महिन्यात रोज तीन-चार बादल्या पाणी वाफ होऊन जातं आणि त्याजागी आपण पुन्हा बोअरचंच भरतो. वाफ होते ती पाण्याची, चुना आतच राहतो. म्हणून जूनच्या तोंडाशी पीएचवर जास्त लक्ष ठेवावं लागलं. वरून भरायला नळाचं थोडं पाणी मिळालं तर फरक पडतो.

गोळ्या, ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एका कपाटात, एका डब्यात, एका मापात कधीही आणू नका. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओलसर झाली तर पेट घेऊ शकतात, आणि आम्ल कुठल्याही क्लोरीनमध्ये पडलं तर विषारी वायू सुटतो. आमच्याकडे तीन वेगळे डबे, तीन वेगळी मापं, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा आहे.

पंपाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळं पाणी एकदा फिरायला तीन तास लागतात. दिवसात दोनदा फिरलं पाहिजे, म्हणजे सहा तास. मी पहाटे आणि रात्री चालवायचे. कार्ट्रिज दोन ठेवा. एक आत, एक धुऊन वाळत. एकेक घडी बोटाने उघडून वरून खाली पाण्याचा फवारा मारायचा, साबण लावायचा नाही. साबण लावला तर पंप सुरू करताच पाण्यावर फेस येतो. सोबत आलेलं एकच कार्ट्रिज अख्खा उन्हाळा पुरेल असं धरू नका. पाण्यात कोणी असताना पंप बंद आणि पिन काढलेली, हा नियम मोडायचा नाही. अंगणातल्या त्या पॉइंटला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) वायरमनकडून बसवून घ्या.

माझ्या मते या पूलचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे खोबरेल तेल. सुट्टीत नणंदेच्या मुली आल्या होत्या. चापून तेल लावलेल्या दोन-दोन वेण्या पाण्यात उतरल्या की तासाभरात वर रंगीत तवंग येतो आणि कडेला पिवळट चिकट पट्टा बसतो. तेल क्लोरीन खातं, कार्ट्रिज बुजवतं आणि धूळ धरून ठेवतं. सासूबाईंनीच तोडगा काढला. "आधी शिकेकाई, मग पाणी. केस ओले दाखवल्याशिवाय शिडी मिळायची नाही गं पोरींनो," असं म्हणून त्या शिडीशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. शिडीपाशी पाय धुवायला एक पसरट टब ठेवला. या दोन गोष्टींनी औषधाचा खर्च जेवढा वाचला तेवढा दुसऱ्या कशानेच वाचला नाही. उरलेल्या तेलासाठी पाणी पंपात जातं त्या जाळीवर जुना नायलॉनचा पायमोजा चढवला. कडेचा पट्टा ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेऊन पुसला की निघतो.

अंगणात कडुनिंब आहे. चैत्रात त्याचा मोहोर झडतो, तो इतका बारीक की जाळीतून निसटतो. रात्री झाकण घालणं भाग आहे. झाकणावर वळवाचं पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. क्लोरीन राखलेल्या, रोज फिरणाऱ्या पाण्यात ही भीती जवळजवळ उरत नाही.

एकदाच पाणी खरोखर बिघडलं. वळवाच्या वादळात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर गेला, दोन दिवस वीज नव्हती. झाकण उडालेलं, पाण्यात माती आणि पाचोळा, त्यात आम्ही लग्नाला पंढरपूरला. परत आलो तेव्हा भिंती बुळबुळीत आणि पाणी फिकट पोपटी झालं होतं. आधी जाळीने पाचोळा काढला, पीएच ७.२ वर आणला आणि क्लोरीन १२ पीपीएमवर नेला. त्यासाठी साधारण साडेचारशे मिली हायपो लागलं. मऊ ब्रशने भिंती घासल्या आणि पंप सतत चालू ठेवला. पहिल्या रात्रीत क्लोरीन निम्म्याहून खाली आला, तो पुन्हा १२ वर नेला. हिरवं आधी राखाडी होतं, मग धुरकट, मग निवळतं. राखाडी झालं की मेलेलं शेवाळ गोळा होऊन कार्ट्रिजमध्ये अडकायला लागतं. त्या काळात कार्ट्रिज दिवसातून तीनदा धुवावं लागतं. रात्री टाकलेला क्लोरीन सकाळी जवळजवळ तेवढाच दिसला तेव्हा लढाई संपली, आणि आकडा खाली ४ च्या आत आल्यावरच मुलांना उतरू दिलं.

हा पूल गच्चीवर ठेवायचा विचार करणाऱ्यांसाठी एक आकडा देते. दोन फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सहाशे किलो. घराची वापरातली गच्ची साधारण दीडशे किलोच्या हिशेबाने धरलेली असते. जमिनीवरच ठेवा, आणि तीही पाणसळ लावून सपाट केलेली असू द्या. उतार असेल तर एका बाजूचं कडं दबून पाणी सांडतं. आणि पाण्यापाशी एक मोठं माणूस कायम हवं. काम झालं की शिडी उचलून घरात.

पाऊस लागल्यावर औषध बंद केलं. किटवर क्लोरीन शून्य दिसेपर्यंत थांबले आणि मग सगळं पाणी पाइपने नारळाला, चिंचेला आणि कंपाउंडच्या जास्वंदीला थोडं थोडं सोडलं. झाडांना काही झालं नाही. पूल दोन्ही बाजूंनी पुसून, पंख्याखाली कोरडा करून, शिवणीत टाल्कम पावडर भुरभुरून घडी घातला. घडीत ओल राहिली तर बुरशी आणि वास दोन्ही येतात.

पूल पुन्हा घेईन का? हो, हाच आकार. यापेक्षा लहान पूलमध्ये पाणी कमी, त्यामुळे औषधाचा आकडा फार लवकर वर-खाली होतो. मोठ्यासाठी आमच्याकडे पाणी नाही. खरेदीच्या दिवशीच जास्तीची दोन कार्ट्रिज, क्लोरीन आणि पीएच दोन्ही मोजणारं थेंबांचं किट, छोट्या गोळ्या आणि झाकण घेऊन ठेवा. पैसे कमी पडत असतील तर शिडी नंतर घ्या, किट आधी.