केमोनंतरचा थकवा: पडून राहायचं की थोडं चालायचं?

केमो झाली की घरचे म्हणतात पडून राहा, अजिबात उठू नको, आणि पहिले दोन-चार दिवस जास्त आराम ठीकच आहे कारण अंगात त्राणच नसतं. पण नंतरही दिवसभर झोपूनच राहिलं तर स्नायूंची ताकद जाते, रात्री झोप लागत नाही आणि थकवा उलट वाढतो. हा थकवा नुसत्या आरामाने जात नाही हो! त्यापेक्षा घरातल्या घरात 10 मिनिटं चालणं, दुपारची झोप अर्ध्या तासात आटपणं, हे जास्त कामाचं, अभ्यासांतही व्यायामाचा फायदा दिसलाय. माझं मत चालण्यालाच. स्वयंपाक, धुणं दुसऱ्यांना करू द्या प्लीज, ती ताकद चालायला ठेवा. मात्र ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, धाप लागली, चक्कर आली तर चालणं बंद, लगेच डॉक्टरांना फोन. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी विचारूनच चाला.