एफएक्स-९९१ईएस प्लसवर सूर्य-ताऱ्यांचे गणित : आठ महिन्यांच्या वापरानंतर

समुद्रात सेक्स्टंटने (कोन मोजायच्या उपकरणाने) घेतलेली साइट, म्हणजे सूर्य-ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची, सोडवून बोटीची स्थानरेषा काढायला कॉलेजच्या दप्तरातला कॅसिओचा हा कॅल्क्युलेटर पुरतो. त्यात प्रोग्राम साठवता येत नाही, पण सूत्रातल्या अक्षरांच्या किमती विचारणारे ‘कॅल्क’ बटण आहे आणि सगळी भिस्त त्याच्यावरच. पब २४९ हे साइट सोडवायचे छापील तक्ते उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) पूर्ण मिनिटांत देतात, शिवाय अक्षांश पूर्ण अंशात धरायला लावतात. इथे डीआर (वेग आणि दिशेवरून अंदाजलेले) स्थान जसेच्या तसे घालता येते. त्यामुळे इंटरसेप्ट (मोजलेल्या आणि गणिताने काढलेल्या उंचीतला फरक) छोटा येतो आणि चार्टवर रेघ मारणे सोपे जाते.

आधी शिफ्ट-मोड-३ दाबून डिग्री लावा, वर ‘डी’ दिसलाच पाहिजे. ए म्हणजे अक्षांश, बी डेक्लिनेशन (खगोलीय विषुववृत्तापासून सूर्य-ताऱ्याचे अंशातले अंतर), सी एलएचए (आपल्या रेखावृत्तापासून त्याचा पश्चिमेकडे मोजलेला कोन). उत्तर अधिक, दक्षिण उणे. सूत्र असे:

साइन⁻¹(साइन(ए)×साइन(बी)+कॉस(ए)×कॉस(बी)×कॉस(सी))

साइन दाबले की कंस आपोआप उघडतो, बंद मात्र आपणच करायचा. राहिला तर पुढचे सगळे त्याच कंसात शिरते आणि मशीन मुकाट्याने चुकीचा आकडा दाखवते. तपासायला हे उदाहरण ठेवा: मुंबईबाहेर अक्षांश १८°५०′ उत्तर, डेक्लिनेशन १०°२०′ उत्तर, एलएचए ३२०°. उत्तर ५०°२७′३५″ यायला हवे. सेकंदांना ६ ने भागले की मिनिटाचे दशांश मिळतात, म्हणून ५०°२७.६′. हे उत्तर डी मध्ये साठवा.

दिगंशासाठी (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेसाठी) कॉस⁻¹((साइन(बी)−साइन(ए)×साइन(डी))÷(कॉस(ए)×कॉस(डी))) हेच वापरा. वरच्या उदाहरणात ९६.६° येतात. साइनचे छोटे सूत्र मोह पाडते, पण ते ८३.४° दाखवते, म्हणजे रेघ १३ अंशांनी फिरली! एलएचए १८०° पेक्षा कमी असेल तर उत्तर ३६० मधून वजा करा. त्यासाठी एलएचए आधी ० ते ३६० मध्ये आणलेला हवा.

मला सर्वात आवडलेली सोय अंश-मिनिट-सेकंदाच्या बटणाची. अल्मनॅकमध्ये (नाविक पंचांगात) तासाचा जीएचए (ग्रिनिचपासून मोजलेला तोच कोन) घ्या. वरची २३ मिनिटे १४ सेकंद ०°२३°१४° अशी टाकून १५ ने गुणा, ५°४८′३०″ मिळतात. सूर्यासाठी इतके पुरे. ताऱ्यांसाठी मेषबिंदूचा वेग ताशी १५°०२.४६′ घ्या आणि ताऱ्याचा एसएचए (मेषबिंदूपासूनचा कोन) मिळवा. मग पूर्व रेखांश मिळवला की एलएचए तयार. घड्याळ ४ सेकंद चुकले तर रेखांशात १ मिनिट जाते, त्यावर मशीनचा इलाज नाही.

सर्वाधिक चुका उणे चिन्हाच्या. दक्षिण १२°४०′ साठी −१२+४०÷६० टाकले तर ८० मिनिटांचा फरक पडतो. −(१२+४०÷६०) असेच लिहा. दुसरी गोष्ट, कॅल्क जुनी किंमत दाखवून थांबते. अक्षांशासाठी ते सोयीचे, पण नव्या ताऱ्याला जुने डेक्लिनेशन तसेच राहून जाते. प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून ‘=’ चे बटण दाबावे. डोळा पाण्यापासून २.५ मीटर वर असेल तर डिप (उंचीवरून क्षितिज खाली दिसते त्याची दुरुस्ती) १.७६×√२.५, म्हणजे २.८′. ती सेक्स्टंटच्या वाचनातून आधीच वजा केलेली हवी.

सुमारे १० मिनिटांनी मशीन आपोआप बंद होते आणि टाइप केलेले सूत्र पुसले जाते, ए ते डी मधले आकडे मात्र टिकतात. म्हणून दोन्ही सूत्रे झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बरी. पारदर्शक झिप पिशवीतूनही बटणे दाबता येतात आणि खारा ओलावा आत जात नाही. एलआर४४ चा एक सेल जादा ठेवा, कारण पहाटेच्या ताऱ्यांच्या वेळी सोलर पट्टीला पुरेसा उजेड मिळत नाही.