इंदुरात एकच रात्र: सराफा की छप्पन?

उज्जैन-ओंकारेश्वर करून परतणाऱ्या आपल्या मंडळींच्या वाट्याला इंदूर बहुधा एका मुक्कामापुरतंच येतं. मग विचारणा होते, खायला राजवाड्याजवळच्या सराफ्यात जायचं की न्यू पलासियातल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीला? खिशाला दोन्ही परवडतात. प्रश्न आहे तो जागरणाचा आणि गर्दी सोसण्याचा.

सराफ्यात लवकर जाऊन उपयोग नाही. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर शेगड्या पेटतात. खरा रंग चढतो दहानंतर, आणि मध्यरात्र उलटली तरी कढया उतरत नाहीत. थंडीत गेलात तर आधी गराडू गाठा: कंदाचे तुकडे खरपूस तळायचे, वर जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरायचा आणि लिंबू पिळायचं. इतर ऋतूंत भुट्टे का कीस आहेच, दुधात शिजवलेला किसलेला मका. जोशींच्या दहीबड्यापाशी खाण्याइतकंच बघायलाही थांबावं लागतं. भरलेला द्रोण हवेत भिरकावून झेलतात, सांडत काही नाही. मग एकाच चिमटीत धरलेले मसाले एकेक करून सोडतात. साबुदाणा खिचडी मात्र तुपाजिऱ्याची अपेक्षा ठेवून मागू नका. इथे वाफवलेल्या साबुदाण्यात मसाला, लिंबू आणि फराळी चिवडा कालवून देतात. मला आवडते, आमच्या घरच्यांना ती खिचडी वाटतच नाही. जलेबा म्हणजे भलीमोठी जिलेबी, ती एकट्याने मागवू नये, एवढं सांगून ठेवतो.

अडचण अशी, की बसायला जागा जवळपास नाही. हातात द्रोण धरून, धक्के खात खायचं. गुडघेदुखीवाले किंवा पेंगुळलेली मुलं बरोबर असतील तर हा बेत रद्दच करा.

त्यांच्यासाठी छप्पन. सकाळपासून चालू, वाहनांना बंदी, टेकायला बाक. विजय चाटचं खोपरा पॅटिस चुकवू नये. बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचं सारण असतं. शिकंजी लिंबाची नव्हे, दाट दुधाची मिळते, आणि एका पेल्यात पोट भरतं. अंडं चालत असेल तर जॉनी हॉट डॉगचा बेंजो, म्हणजे पावातलं ऑम्लेट, खा. सराफ्यात सगळा शाकाहारी मामला. पण छप्पनला आता जरा मॉलची कळा आलीय, आणि पिझ्झा-मोमोज तर पुण्यातही मिळतात.

धडधाकट माणसाने सराफाच निवडावा. चौघं जा, प्रत्येक पदार्थ एकच प्लेट घ्या, आणि हॉटेलवर जेवून निघू नका. जमलंच तर पाचच्या सुमारास छप्पनला फक्त पॅटिस खाऊन यायचं.

पोह्यांसाठी यातलं कुठेच जायची गरज नाही. सकाळी मुक्कामाजवळच्या नाक्यावर वाफेवर ठेवलेले, बडीशेपेच्या वासाचे पोहे मिळतात. शेव जास्त घालून घ्या, आणि जिलेबी त्याच बशीत.