अलास्काच्या आखातातलं प्लवक: बाटली, उपग्रह की रेशमी पट्टी?

अलास्काच्या आखातातल्या पोषकद्रव्यांवर किंवा प्लवकांवर, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांवर, प्रबंध करायचा, तर डेटाचे तीन मोठे स्रोत समोर येतात. माझं मत आधीच सांगते: नायट्रेट, सिलिकेट ही पोषकद्रव्यं हवी असतील तर सीवर्ड लाइनला पर्याय नाही.

रेझरेक्शन उपसागराच्या तोंडापासून खुल्या समुद्राकडे गेलेली ही नमुने घेण्याच्या ठाण्यांची रांग. १९९७ पासून अलास्का फेअरबँक्स विद्यापीठाचे संशोधक तिथे जहाजाने जातात, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरतात आणि प्लवकांसाठी जाळीही ओढतात. पोषकद्रव्यं, तापमान आणि प्लवक यांची नोंद एकाच ठिकाणी, एकाच फेरीत होते. या आखातात तेच मोलाचं आहे. किनाऱ्याजवळ वसंतात डायटम या सूक्ष्म शैवालांचा बहर येतो आणि उन्हाळ्यात वरच्या थरातलं नायट्रेट संपतं. दूर खोल समुद्रात मात्र नायट्रेट शिल्लक असूनही वाढ खुंटते, कारण लोह कमी पडतं. लोह येतं ते कॉपर नदीच्या गाळातून, हिमनद्यांच्या धुळीतून. एका व्यवस्थेतून दुसरीत जाणारा हा बदल रांगेवर ठाण्यागणिक तपासता येतो. उणीव एकच, पण मोठी: फेऱ्या मुख्यतः मे आणि सप्टेंबरमध्ये, अलीकडे जुलैतही. एप्रिलमध्येच बहर उरकला तर बाटलीत फक्त त्याचे परिणाम सापडतात.

ती फट उपग्रह भरून काढतो. नासाच्या अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाच्या हरितद्रव्याच्या नोंदी २००२ पासून आहेत, आणि बहर कधी सुरू झाला हे त्यांवरून ठरवता येतं, अर्थात ढगांनी वाट दिली तर. पोषकद्रव्यं त्याला दिसत नाहीत. हिमनद्यांचं गढूळ पाणी किनाऱ्यालगत हरितद्रव्याचा आकडा बिघडवतं. शिवाय दिसतं ते चरणाऱ्या प्राणीप्लवकांनी खाऊन उरलेलं. नकाशे सादरीकरणात झकास दिसतात, म्हणूनच जरा जपून.

तिसरा पर्याय सीपीआर (कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर), म्हणजे मालवाहू जहाजामागे ओढलं जाणारं यंत्र. सुमारे ७ मीटर खोलीवरून जाताना ते २७० मायक्रॉन छिद्रांच्या रेशमी पट्टीवर प्लवक गोळा करतं. उत्तर पॅसिफिकमध्ये ते २००० पासून नियमित चालतं. लांब पल्ल्यावरच्या कोपेपॉडसाठी, म्हणजे बारीक कवचधारी प्राणीप्लवकांसाठी, उत्तम. बारीक वनस्पतीप्लवक मात्र बरंचसं निसटतं आणि जेलीसारखे नाजूक जीव चिरडतात. नायट्रेटची नोंद नाहीच. आणखी एक खबरदारी: निओकॅलॅनस हे इथलं महत्त्वाचं कोपेपॉड उन्हाळ्यात शेकडो मीटर खाली उतरतं. सप्टेंबरच्या पट्टीवर ते दिसलं नाही म्हणून संख्या घटली, असं लिहू नका.

सहा महिन्यांत काम संपवायचं असेल, तर २०१४ ते २०१६ ची सागरी उष्णतेची लाट हा विषय घ्या. ती तिन्ही स्रोतांच्या काळात बसते. मेच्या फेऱ्यांचं नायट्रेट आणि जाळीतले कोपेपॉड हा कणा ठेवा, बहराच्या तारखेपुरता उपग्रह वापरा. सीपीआरकडे वळा ते प्रश्न शेल्फच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राच्या, पलीकडे गेला तरच.